मधुमेह आणि डोंगरभटकंती : नाशिक परिसरातील भटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या भोवती अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज, धोडप, साल्हेर असे गड आहेत आणि घोटीच्या बाजूला कळसूबाईची रांग आहे, त्यामुळे रविवारी पहाटे डोंगराकडे निघणे ही येथील अनेक घरांची सवय झाली आहे. त्यांपैकी बऱ्याच घरांत मधुमेहही आहे. पुढील प्रश्न सोबतच्या भटक्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्या शेजाऱ्यांनी मला वेळोवेळी विचारलेले आहेत. मी डॉक्टर नाही. टाइप १ मधुमेह असलेला आणि इन्शुलिन घेऊन बरीच वर्षे डोंगर चढणारा माणूस आहे. औषधाच्या मात्रेचे जे आकडे येथे आले आहेत ते डॉक्टरांशी बोलणे सुरू करण्यापुरते आहेत. त्यांच्या आधारे मात्रा परस्पर बदलू नये.

मधुमेह असताना गड चढणे योग्य आहे का?

बहुतेकांसाठी योग्य आहे आणि उपयुक्तही आहे, कारण चालण्याने स्नायूंची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता वाढते आणि तो परिणाम पुढे एक-दोन दिवस टिकतो. मात्र तीन गोष्टी आधी तपासून घ्याव्यात. पहिली, डोळ्यांचा पडदा : मधुमेहामुळे पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोराच्या श्रमाने डोळ्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून उपचार पूर्ण होईपर्यंत चढाई पुढे ढकलावी. दुसरी, हृदय : मधुमेहात हृदयविकाराची वेदना कधी कधी जाणवतच नाही, केवळ दम लागतो किंवा घाम फुटतो, आणि चढावर या दोन्ही गोष्टी साहजिक वाटतात. वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब असेल किंवा मधुमेह जुना असेल, तर डॉक्टरांना विचारून हृदयाची तपासणी करून घ्यावी. तिसरी, पायांची संवेदना. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

पहिल्याच वेळी कळसूबाईला जाऊ नये. पांडवलेणी किंवा रामशेज यांवर दोन-तीन वेळा जाऊन, दर अर्ध्या तासाने साखर मोजून ती वहीत लिहावी. ही वही पुढे कोणत्याही सर्वसाधारण सल्ल्यापेक्षा जास्त कामाला येते.

गडावर साखर व्यवस्थित होती, मग खाली आल्यावर ती का पडली?

माझ्या मते या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. लोक तयारी करतात ती चढाची, आणि साखर त्यांना गाठते ती उतारावर, परतीच्या गाडीत किंवा रात्री झोपेत.

आकुंचन पावणारा स्नायू रक्तातील साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेऊ शकतो. चालण्याच्या सुरुवातीला ही गरज स्नायूंतील आणि यकृतातील साठवलेली साखर भागवते, शिवाय चढावर शरीरात स्रवणारे अ‍ॅड्रेनलिन यकृताला आणखी साखर सोडायला लावते. त्यामुळे माथ्यावर मोजलेली साखर पुष्कळदा चांगली, प्रसंगी वाढलेलीही दिसते. पण साठा मर्यादित असतो. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या काही पट इतकीच साखर साठलेली असते. चार-पाच तासांच्या भटकंतीत या साठ्याचा मोठा भाग खर्ची पडतो, आणि श्रम थांबल्यावर रिकामे झालेले स्नायू तो भरून काढण्यासाठी रक्तातून साखर ओढत राहतात. हे काम २४ तासांपर्यंत चालू शकते. रविवारी दुपारी गाडीत बसताना १३० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; साखरेचे पुढचे आकडेही याच मापात आहेत) असलेली साखर रात्री दोन वाजता ५५ वर येते, याचे कारण हेच आहे.

निघण्यापूर्वी साखर किती असावी?

इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पायथ्याला साखर मोजावी. ९० पेक्षा कमी असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके खाऊन, ती वर आल्याचे पाहून मग चढायला लागावे. माझ्यासाठी लांब चढाईपूर्वी १२६ ते १८० ही पट्टी सोयीची ठरली आहे. २५० च्या वर असेल आणि मधुमेह टाइप १ असेल, तर कीटोन (इन्शुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासावेत. रक्तातील कीटोन १.५ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त असतील तर चढाई रद्द करावी, कारण ही वाढलेली साखर खाण्याची नसून इन्शुलिनच्या तुटवड्याची आहे आणि श्रमाने ती आणखी बिघडते. गेल्या २४ तासांत दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल इतका गंभीर हायपो (रक्तातील साखर फार खाली जाणे) झाला असेल, तरीही त्या दिवशी जाऊ नये. एकदा साखर फार उतरली की पुढच्या वेळी शरीर इशारा उशिरा व क्षीण देते.

एकच आकडा पुरेसा नसतो. अर्ध्या तासापूर्वी १६० आणि आता १२० असेल, तर तो १२० उतरता आहे असे समजून आधीच काही खावे.

मी फक्त गोळ्या घेतो. मला हायपोची काळजी करण्याचे कारण आहे का?

ते गोळीवर अवलंबून आहे, आणि म्हणून पाकिटावरील औषधाचे मूळ नाव वाचणे आवश्यक आहे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना, किंवा त्यासोबत सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांपैकी गोळी घेणाऱ्यांना हायपो सहसा होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाकडून इन्शुलिन स्रवून घेतात, पोटात अन्न असो वा नसो. यांपैकी गोळी चालू असेल तर लांब भटकंतीच्या दिवशी मात्रा कमी करावी का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ आहे, आणि ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन व व्होग्लिबोज हे त्रिकूट त्यांत बरेचदा आढळते. व्होग्लिबोज आतड्यात स्टार्चचे आणि रोजच्या खाण्यातील साखरेचे विघटन मंद करते. म्हणजेच, ग्लिमेपिराइडमुळे साखर खाली आली आणि घाईने चहाची साखर, गूळ किंवा लाडू खाल्ला, तर त्याचा परिणाम व्हायला हवा तितक्या लवकर होत नाही. अशा व्यक्तीने खिशात ग्लुकोजच ठेवले पाहिजे, कारण त्याला विघटनाची गरज नसते. ही एक गोष्ट अनेक रुग्णांना कोणी सांगितलेलीच नसते, असा माझा अनुभव आहे.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात व सोबत पाणीही नेतात. यांच्यामुळे हायपो क्वचित होतो, परंतु उपाशीपोटी, पाणी कमी पिऊन दीर्घ श्रम केल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोराचा श्वास दिसल्यास केवळ साखरेचा आकडा चांगला आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल, तर हायपोतील धडधड आणि कंप जाणवत नाहीत. घाम मात्र येतो.

इन्शुलिनची मात्रा किती कमी करावी?

हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. सर्वसाधारणपणे दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन साधारण २० टक्क्यांनी, आणि चालण्याच्या आधीच्या जेवणाचे इन्शुलिन श्रमाच्या तीव्रतेनुसार एक चतुर्थांशापासून तीन चतुर्थांशांपर्यंत कमी केले जाते. इन्शुलिन पूर्णपणे बंद करणे हा टाइप १ मध्ये पर्यायच नाही. चालण्याच्या दिवशी सुई मांडीत घेऊ नये, पोटावर घ्यावी. चालत्या पायातून इन्शुलिन लवकर शोषले जाते.

सकाळी मिसळ खाऊन निघालो तर चालेल का?

नाशिककराला मिसळ सोडायला सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण तर्रीतील तेलामुळे पाव आणि मटकीतील कर्बोदके उशिरा पचतात, आणि जेवणाच्या इन्शुलिनचा जोर तोपर्यंत पुढे निघून गेलेला असतो. मिसळ गड उतरून आल्यावर खावी, हे अधिक शहाणपणाचे. निघण्यापूर्वी दोन ते तीन तास आधी नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी आणि उसळ, अंडे किंवा दही असे जेवण चांगले चालते. इतक्या पहाटे जेवण जात नसेल, तर पोहे अथवा उपमा थोडा खाऊन वाटेत पुन्हा खावे.

इन्शुलिन घेणाऱ्यांना दीर्घ चालीत दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागू शकतात. इन्शुलिन आधीच कमी केले असेल तर त्याहून कमी. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, मूठभर म्हणजे २० ग्रॅम बेदाण्यांत सुमारे १५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १७ ग्रॅम कर्बोदके असतात. बेदाणे हा आपल्या जिल्ह्यात घरोघरी मिळणारा, न चिरडणारा आणि न वितळणारा खाऊ आहे. शेंगदाण्याची चिक्की हळूहळू पचते, म्हणून ती उतारावर आणि परतीच्या गाडीत खाण्यासाठी राखून ठेवावी.

वाटेत साखर ७० च्या खाली गेली तर नेमके काय करावे?

आधी बसावे, शक्यतो कड्यापासून दूर. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यावे किंवा कोरडेच चघळावे, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा मोजावे; अजूनही ७० च्या खाली असेल तर हेच पुन्हा करावे. मी ग्लुकोज पावडर घरीच काट्यावर तोलून १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधतो, कारण हात कापत असताना चमचे मोजता येत नाहीत. पुड्या सॅकच्या तळाशी न ठेवता कमरेच्या खिशात ठेवाव्यात, आणि दोन-तीन पुड्या सोबत्याकडेही द्याव्यात. ग्लुकोज नसेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा अर्धा पेला साधे शीतपेय चालते. ‘डाएट’ प्रकारच्या शीतपेयाचा येथे काहीही उपयोग नाही.

ग्लुकोज बिस्किटाच्या नावावर विसंबू नये. ते मुख्यतः मैद्याचे असून त्यात तेलही असते, त्यामुळे साखर तातडीने वर आणण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. साखर सावरल्यानंतर पोटात काहीतरी टिकावे म्हणून ते अवश्य खावे. चॉकलेटचेही तसेच आहे.

आकडा ५४ च्या खाली गेला असेल तर साखर सावरल्यावरही विचारशक्ती आणि तोल पूर्ववत व्हायला पाऊण तास तरी लागू शकतो. त्या अवस्थेत अवघड टप्पा चढू किंवा उतरू नये. यंत्र जवळ नसेल आणि शंका आली असेल, तर हायपो आहे असे धरूनच ग्लुकोज घ्यावे. चढावर घाम, थरथर आणि थकवा यांवरून हायपो ओळखणे कठीण असते. कारण नसताना चिडचिड होणे, अडखळणे आणि सोप्या प्रश्नाचे उत्तर न सुचणे या खुणा सोबत्यांना आधी दिसतात.

हरिहरच्या पायऱ्या चढून गेल्यावर साखर उलट वाढली. इन्शुलिन घ्यावे का?

घेऊ नये. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर श्रम थोडा वेळ पण तीव्र असतो, आणि खाली पाहिल्यावर वाटणारी भीती वेगळीच. दोन्हींमुळे स्रवणारे अ‍ॅड्रेनलिन साखर वाढवते. ही वाढ तात्पुरती असते. त्यावर इन्शुलिन घेतले तर ते नेमके उतारावर, पायऱ्यांकडे तोंड करून खोबणी चाचपडत असताना काम करू लागेल. पाणी पिऊन अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजावे.

श्रावणी सोमवारी उपवास करून ब्रह्मगिरीची फेरी करता येईल का?

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला फेरीसाठी मोठी गर्दी होते, आणि पुष्कळ जण रविवारी रात्रीच कुशावर्तावर स्नान करून निघतात. लहान फेरीसुद्धा सुमारे २० किलोमीटरची आहे. रात्रीचे जागरण, पाऊस, चिखल आणि त्यात उपवास अशा चार गोष्टी एकत्र आल्यावर इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या व्यक्तीची साखर स्थिर राहील अशी अपेक्षा करणे अवास्तव आहे.

निर्जळी किंवा निरंकार उपवास करून फेरी करू नये, हे स्पष्टपणे सांगायला हवे. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील गोळी घेणाऱ्यांना तर कीटोनचा धोकाही आहे. ती गोळी किती दिवस आधी थांबवावी हे डॉक्टरांना विचारावे. फराळ करून जाणाऱ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीवर भर देऊ नये, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. साखर झपाट्याने चढते आणि औषधाचा जोर चालू असेल तर मागाहून तितकीच उतरते. त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी, दही आणि राजगिऱ्याचा लाडू ही सांगड बरी. ज्येष्ठ मंडळींना हे पटवणे अवघड जाते, हे मी घरातच पाहिले आहे. शेवटी आमच्या आजीने खिशातल्या ग्लुकोजला ‘औषध’ मानले आणि औषधाने उपवास मोडत नाही, असा निर्णय स्वतःच दिला.

पाणी किती आणि कोणते प्यावे? ओआरएसने साखर वाढते का?

वाढलेली साखर लघवी वाढवते, त्यामुळे मधुमेहीच्या शरीरातील पाणी इतरांपेक्षा लवकर कमी होऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांत बागलाणातील गडांवर प्रत्येकी तीन-चार लिटर पाण्याशिवाय जाऊ नये. तेथील टाक्यांवर भरवसा ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या ओआरएसच्या एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे एका हायपोच्या पुडीइतकेही नाही. दिवसभरात घोट-घोट प्यायल्यास त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. ओआरएससारख्या दिसणाऱ्या डब्यांतील गोड पेयांत मात्र त्याच्या कितीतरी पट साखर असू शकते, म्हणून वेष्टनावरील आकडा वाचावा.

उन्हात इन्शुलिन कसे सांभाळावे?

वापरात असलेले बहुतेक इन्शुलिन २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत माहितीपत्रकात असते. दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, पेन उन्हात उभ्या गाडीच्या खणात ठेवणे. दुसरी, बर्फाला थेट टेकवून ठेवणे, कारण एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी निकामी झालेले असते. ओल्या सुती कापडात गुंडाळलेली, वाऱ्याला लागेल अशी ठेवलेली डबी माठाच्या तत्त्वाने थंड राहते. कोरड्या हवेत हे छान जमते. पावसाळ्यात इगतपुरीच्या धुक्यात पाणी उडतच नाही, पण तेव्हा तशी गरजही पडत नाही. साठा दोन सॅकांत विभागून ठेवावा.

आपल्याकडे कुपीतील इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट आणि पेनमधील १०० युनिट शक्तीचे असते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची व १०० ची नारिंगी टोपणाची असते. पेन बिघडला म्हणून त्याच्या काडतुसातील इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले, तर मात्रा अडीचपट होते. पायथ्याच्या गावात कोणाकडून सिरिंज उसनी घेताना हे आधी पाहावे.

ग्लुकोमीटर डोंगरावर बरोबर आकडा दाखवतो का?

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर आणि सर्वोच्च किल्ला साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. या उंचीचा यंत्रावर फारसा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो तापमानाचा आणि दमटपणाचा. बहुतेक यंत्रे साधारण १० ते ४० अंशांत काम करतात, म्हणून थंडीतील मुक्कामात यंत्र झोपण्याच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवावे. पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी. द्राक्षे किंवा चिक्की खाल्लेल्या बोटाने तपासणी केल्यास आकडा भलताच मोठा येतो. पाण्याने बोट धुऊन, पुसून मगच टोचावे. दंडावर लावलेला, साखर सतत मोजणारा सेन्सर चालताना रक्तापेक्षा पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो, त्यामुळे त्रास जाणवत असेल तर बोटातील रक्तच तपासावे.

नवस आहे म्हणून वणीला अनवाणी चालत जाता येईल का?

पायांची संवेदना कमी झालेली असेल तर नाही. तापलेल्या डांबराने भाजलेले किंवा काट्याने टोचलेले कळत नाही, आणि त्या जखमेतून पुढे बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. डॉक्टर १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने ही संवेदना दोन मिनिटांत तपासतात. बूट नवे असतील तर आधी शहरातच दोन-तीन आठवडे वापरावेत, पावसाळ्यात मोज्यांचा कोरडा जोड सोबत ठेवावा आणि दर मुक्कामाला तळवे व बोटांमधील जागा पाहावी. फोड आल्यास तो फोडू नये, स्वच्छ पट्टी लावावी.

सोबत्यांना काय सांगून ठेवावे?

मधुमेह आहे हे, आणि ग्लुकोज कोणत्या खिशात आहे हे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर ग्लुकोज द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी. डॉक्टरांनी ग्लुकागॉन (साखर तातडीने वर आणणारे औषध) दिलेले असेल तर ते वापरावे, पण ते यकृतातील साठ्यावर काम करत असल्याने दिवसभराच्या चालीनंतर त्याचा परिणाम अपुरा पडू शकतो. आपल्या गडांवर मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून ती कोठे मिळते हे चढतानाच लक्षात ठेवावे. एकट्याने जाऊ नये.

मुक्कामी ट्रेकमध्ये रात्री कोणती काळजी घ्यावी?

झोपण्यापूर्वी साखर मोजावी, आणि ती १२० च्या आसपास किंवा खाली असेल तर दूध, भाकरी-शेंगदाणे असे सावकाश पचणारे काही खावे. रात्री दोन-तीनच्या सुमारास गजर लावून पुन्हा मोजावे. रात्रीचे दीर्घकालीन इन्शुलिन किती कमी करायचे हे घरून निघतानाच कागदावर लिहून आणावे. दमलेल्या डोक्याने तंबूत हिशेब करू नये. नाशिक वाईनसाठी प्रसिद्ध असले तरी मुक्कामात मद्य टाळावे, कारण ते यकृताला साखर सोडण्यापासून रोखते, आणि त्याची गुंगी व हायपोची गुंगी सोबत्यांना सारखीच दिसते. घरी परतल्यानंतरच्या पहिल्या रात्रीही हाच गजर लावावा.

वापरलेल्या सुया कोठे टाकाव्यात?

डोंगरावर कोठेही नाही, कचऱ्याच्या पिशवीतही नाही, कारण ती पिशवी कोणीतरी हाताने उचलणार असते. झाकण घट्ट बसणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या छोट्या बरणीत सुया आणि टोचण्या गोळा कराव्यात, आणि खाली आल्यावर ती बरणी वैद्यकीय कचरा स्वीकारणाऱ्या आपल्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत द्यावी.